पाणी गोड कसें लागेल?

उन्हाळा आला म्हणजे आमच्या खेडोपाडींच्या मंडळ्यांतून एक तक्रार नेहमीं ऐकूं येते. आरोग्यसेविका सांगून जाते कीं, पाणी उकळून प्या. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरींत टी. सी. एल. पावडर टाकून जातो. पाळकसाहेबही उपासनेच्या शेवटीं त्याची आठवण करून देतात. घरांतील बाई चार दिवस नेमानें पाणी उकळते. पांचव्या दिवशीं मुलें म्हणतात, "आई, ह्या पाण्याला चवच नाहीं." आजोबा म्हणतात, "घशाखालीं उतरत नाहीं." सहाव्या दिवशीं कळशी पुनः ओढ्याच्या झिऱ्याकडे जाते, कारण झिऱ्याचें पाणी गोड आहे, आणि आठवड्याच्या आंत घरांत कोणास तरी हगवण लागते. ह्यांत त्या बाईचा हट्ट नाहीं व अज्ञानही नाहीं. जें पाणी जिभेस रुचत नाहीं तें मनुष्य फार दिवस पीत नाहीं, एवढीच गोष्ट आहे. म्हणून निर्धोक पाण्यास चव आणणें हें चैनीचें काम नव्हे असें आम्हांस वाटतें, व ह्या धड्यांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

परंतु मूळ विषयास हात घालण्यापूर्वीं एक हकीकत सांगितली पाहिजे. गोड पाणी तेंच निर्मळ पाणी, अशी समजूत आपल्या लोकांत फार जुनी आहे. आणि ती आपल्याच लोकांत आहे असें नाहीं. सन १८५४ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस लंडन शहराच्या सोहो नामक भागांत पटकीची भयंकर साथ उद्भवली. त्या भागांत ब्रॉड स्ट्रीट ह्या रस्त्यावर एक पंप होता, व त्याचें पाणी थंड आणि चवदार म्हणून नांवाजलेलें होतें. तेथेंच बंदुकीच्या टोप्या करण्याचा एक कारखाना होता. कारखान्याच्या मालकांची विधवा आई सुझॅना ईली ही कित्येक मैलांवर हॅम्पस्टेड येथें राहत असे. पण तिला ह्या पंपाचेंच पाणी आवडे, म्हणून गाडीबरोबर एक मोठी बाटली भरून तिच्याकडे पाठविण्याचा परिपाठ होता. ता. ३१ ऑगस्ट रोजीं भरलेल्या बाटलींतील पाणी ती प्याली, आणि ता. २ सप्टेंबर रोजीं पटकीनें मरण पावली. तिच्या भेटीस आलेली नात्यांतील एक स्त्री तेंच पाणी पिऊन आपल्या घरीं परतली, तीही मेली. हॅम्पस्टेडांत त्या वेळीं साथ नव्हती. तेव्हां रोग आला तो हवेंतून नव्हे, तर बाटलींतून आला, असें डॉ. जॉन स्नो ह्यांनीं दाखवून दिलें. त्यांच्या सांगण्यावरून ता. ८ सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढून घेण्यांत आला. त्या भागांत सहाशेंहून अधिक माणसें मेलीं.

आमच्या वाचकांस ह्यापुढील भाग विशेष वाटेल. तेथील सेंट ल्यूक मंदिराचे तरुण उपपाळक रेव्ह. हेन्री व्हाइटहेड ह्यांस डॉक्टरांचें म्हणणें मुळींच पटलें नव्हतें. तें खोडून काढावें म्हणून ते घरोघर फिरले. घरें त्यांच्या ओळखीचीं, माणसें त्यांच्या मंडळींतलीं. कोण मेलें, कोण वांचलें, कोणीं कोठलें पाणी प्यालें, हें सर्व त्यांनीं पुन्हां पुन्हां जाऊन विचारलें. आणि विचारतां विचारतां त्यांचेंच मत फिरलें. पंपासमोरच्या घरांत एक तान्हें मूल साथीच्या आरंभीं हगवणीनें आजारी होतें. त्याचीं लंगोटें धुतलेलें पाणी घरापुढील मैल्याच्या खड्ड्यांत ओतलें जात असे. आणि तो खड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता. हें शोधून काढलें तें पाळकानें. लोकांस ज्याची चव आवडली होती तें पाणी असें होतें.

तेव्हां चव हा शुद्धतेचा पुरावा नव्हे, हें ध्यानांत ठेवून पुढें चलूं.

पाण्यास स्वतःची चव नसते असें शाळेंत शिकवितात. परंतु निव्वळ पाणी आपण कधींच पीत नाहीं. जमिनींतून पाझरतांना पाणी चुना, मीठ, लोह इत्यादि पदार्थ थोडथोडे विरघळवून बरोबर घेतें. हवाही त्यांत मिसळलेली असते. ह्या सर्वांची मिळून जी होते ती त्या विहिरीच्या पाण्याची चव. शिवाय जीभही कोरी नसते. ती सदा लाळेंत भिजलेली असते व लाळेंत क्षार आहेत. म्हणून ज्या पाण्यांत क्षार फारच थोडे, तें तिला मिळमिळीत लागतें. आवळा खाऊन वर पाणी प्यालें म्हणजे तें साखर घातल्यासारखें लागतें, हें आमच्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पाण्यांत कांहीं पडलेलें नसतें. पालटलेली असते ती जीभ.

आतां उकळलेल्या पाण्याविषयीं. उकळतांना पाण्यांतील हवा निघून जाते, म्हणून तें निवाल्यावर मेल्यासारखें लागतें. ह्यास उपाय अगदीं सोपा आहे. दूध निवविण्यासाठीं आपण एका भांड्यांतून दुसऱ्यांत उंचावरून ओततों, त्याप्रमाणें दोन स्वच्छ भांडीं घेऊन निवालेलें पाणी दहा-पंधरा वेळां वरखालीं करावें व झांकून कांहीं तास ठेवावें. गेलेली हवा परत मिसळते, आणि पाण्यास जीव येतो. एक लिटर पाण्यांत चिमटीभर मीठ टाकल्यानेंही मिळमिळीतपणा जातो. पण ज्यांस रक्तदाबाचा विकार आहे त्यांनीं हें करूं नये. पाणी फार वेळ उकळण्याची आवश्यकता नाहीं. मोठे बुडबुडे जोरानें येऊं लागल्यावर एक मिनिट उकळलें म्हणजे पुरे. उंच पर्वतांवर, म्हणजे सुमारें दोन हजार मीटरच्या वर, तीन मिनिटें लागतात. पण आपल्या कळसूबाईचें शिखरही १,६४६ मीटरच आहे, त्यामुळें महाराष्ट्रांत कोणासही जास्त सरपण जाळण्याचें कारण नाहीं.

उकळलेलें पाणी न आवडण्याचें दुसरें कारण पाण्यांत नसून चुलींत असतें. उघड्या पातेल्यांत चुलीवर पाणी ठेवलें कीं त्यास धुराचा वास लागतो. ज्या पातेल्यांत सकाळीं आमटी झाली त्यांतच संध्याकाळीं पाणी उकळलें, तर हिंगाचा व लसणाचा वास लागतो. अशा पाण्यास मुलांनीं नाक मुरडलें तर त्यांस रागें कां भरावें? पाण्यासाठीं एक पातेलें निराळें राखावें, त्यावर घट्ट झांकण असावें, व तें दुसऱ्या कोणत्याही कामास लावूं नये. आमच्या अनुभवास आलेल्या तक्रारींपैकीं निम्म्या एवढ्यानेंच मिटतात.

टी. सी. एल. पावडर किंवा क्लोरीनचे थेंब टाकलेल्या पाण्याचा वास कित्येकांस सहन होत नाहीं. वास येतो म्हणून तें पाणी टाकून देणें ही मोठी चूक आहे. थोडासा वास हा औषध अजून काम करीत असल्याची खूण समजावी. औषध टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी झांकून ठेवावें. त्यानंतर पितेवेळीं एका भांड्यांतून दुसऱ्यांत दोन-चार वेळां ओतलें, किंवा माठांत थंड केलें, म्हणजे वास पुष्कळ कमी होतो. लिंबाचे चार थेंबही गुणकारी आहेत, कारण लिंबांतील एका द्रव्यानें क्लोरीन नाहींसा होतो. परंतु ह्याचसाठीं लिंबू प्रत्येकाच्या पेल्यांत पिळावें, हंड्यांत कधींही पिळूं नये. हंड्यांत पिळलें तर औषधाचा जोर सर्वच पाण्यांतून जाईल. लिंबानें पाणी शुद्ध होतें असें जें कोणी कोणी सांगतात, त्यावर विसंबूं नये.

देशावरील पुष्कळ विहिरींचें पाणी जड आहे. त्यांत डाळ शिजत नाहीं, साबणास फेस येत नाहीं, व पातेल्याच्या तळाशीं पांढरा थर बसतो. ह्या जडपणाचा एक भाग उकळल्यानें खालीं बसतो. म्हणून उकळलेलें पाणी रात्रभर स्थिर ठेवून सकाळीं वरचें नितळ तेवढें अलगद ओतून घ्यावें. पण पाणी जर खारट असेल, म्हणजे त्यांत मीठच असेल, तर उकळून कांहीं उपयोग होत नाहीं. उलट वाफ निघून गेल्यानें तें अधिकच खारट होतें. कापडानें गाळूनही मीठ जात नाहीं. यरीहो नगराचें पाणी वाईट होतें तेव्हां अलीशा संदेष्ट्यानें नव्या पात्रांत मीठ मागवून झऱ्यांत टाकलें, ही कथा २ राजे, अध्याय २ ह्यांत आहे. ती प्रभूच्या सामर्थ्याची कथा आहे, पाणी सुधारण्याची कृति नव्हे. कोणीं आपल्या विहिरींत मिठाचें पोतें रितें करूं नये.

खारट पाण्यास घरगुती उपाय एकच, आणि तो म्हणजे पावसाचें पाणी. पावसाच्या पाण्यांत क्षार जवळ जवळ नसतात, म्हणून तें एकटें प्यालें तर फिकें लागतें. पण विहिरीचें निम्में व पावसाचें निम्में मिळविलें तर खारटपणा अर्ध्यावर येतो व चव बरोबर साधते. ह्या बाबतींत आमच्या मंडळ्यांजवळ एक धन पडून आहे, तें म्हणजे मंदिराचें छप्पर. शंभर चौरस मीटरच्या पत्र्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर हिशेबानें एक हजार लिटर पाणी होतें. गळती व शिंतोडे वजा जातां सातआठशें लिटर कोठें गेले नाहींत. पन्हळ, नळी व झांकणाची टांकी एवढा खर्च आहे. पहिल्या दोन-तीन सरींचें पाणी वाहूं द्यावें, कारण त्यांत धूळ व पांखरांची घाण असते. पुढचें पाणी गाळून सांठवावें, व पिण्यापूर्वीं तेंही उकळावें किंवा त्यांत औषध घालावें. आजकाल खेडेगांवांतही वीस लिटरचे विकतचे जार घेण्याची चाल पडली आहे. लग्नकार्यांत तें ठीक आहे. पण मजुरी करणाऱ्या कुटुंबानें रोज पाणी विकत घेणें आणि मंदिराच्या छपराचें पाणी ओढ्यास मिळणें, ह्या दोन गोष्टी एकाच गांवांत पाहिल्या म्हणजे आम्हांस वाईट वाटतें.

बोअरच्या पाण्यास कधीं कधीं लोखंडाची चव असते, व ठेवल्यावर तें तांबूस होतें. असें पाणी उंचावरून ओतून हवा खाऊं द्यावें व रात्रभर ठेवावें. लोहाचा गाळ तळाशीं बसतो, मग तें गाळून घ्यावें. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तोही हवा लागल्यानें उडतो. पावसाळ्यांतील गढूळ पाण्यास तुरटीचा खडा दोन-चार वेळां फिरवावा, किंवा निवळीचें बीं घांसावें. दोन्ही उपाय आजीबाईंच्या वेळचे असून खरे आहेत. तुरटी मात्र जास्त झाली तर पाणी तिच्या नांवासारखेंच लागतें. पाणी निवळलें म्हणजे तें शुद्ध झालें असें नव्हे. औषध घालावयाचें तें निवळल्यानंतरच घालावें, कारण गढूळ पाण्यांत तें वायां जातें.

कांहीं दोष असे आहेत कीं, ते जिभेस कळतच नाहींत. यवतमाळ, चंद्रपूर वगैरे जिल्ह्यांतील कित्येक गांवांच्या भूजलांत फ्लोराइड आहे. त्यास चव नाहीं, वास नाहीं, रंग नाहीं. तो उकळून जात नाहीं. आणि वर्षानुवर्षें पोटांत गेल्यानें दांतांवर डाग पडतात व पुढें हाडें आंखडतात. भारतीय मानकाप्रमाणें तो एका लिटरांत एक मिलिग्रॅमपर्यंत असावा, व दुसरें पाणीच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालेल. शेतांतील खतांमुळें विहिरींत उतरणारा नायट्रेट हाही तसाच लपलेला शत्रु आहे, विशेषेंकरून तान्ह्या मुलांचा. येथें वाळा, लिंबू, माठ ह्यांपैकीं कोणाचेंही चालत नाहीं. पाणी तपासून घेणें हाच मार्ग. सन २०१९ मध्यें सुरू झालेल्या जल जीवन मिशनांत गांवोगांवच्या स्त्रियांस पाणी तपासण्याची पेटी वापरण्यास शिकविण्याची योजना आहे. आमच्या भगिनींनीं तें शिकून घ्यावें व ग्रामसभेंत निकाल विचारावा.

थंड पाणी गोड लागतें, आणि थंड करण्यास माठासारखें दुसरें साधन नाहीं. माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरतें व त्याची वाफ होते. वाफ होण्यास लागणारी उष्णता आंतल्या पाण्यांतून घेतली जाते. दहा लिटरांतून अवघें शंभर मिलिलिटर पाणी असें उडून गेलें, तर बाकीचें हिशेबानें पांच-सहा अंशांनीं थंड व्हावें. बाहेरची ऊब आंत शिरते म्हणून प्रत्यक्षांत थोडें कमी होतें. सोलापुराकडे कोरड्या हवेंत माठ जसा गार होतो तसा कोंकणांत होत नाहीं, ह्याचें कारण कुंभार नव्हे; तेथील दमट हवेंत वाफ सावकाश होते. जुन्या माठाचीं छिद्रें क्षारांनीं बुजतात. मग तो थंड करीत नाहीं. त्यास बाहेरून काथ्यानें घांसावें. साबण लावूं नये, तो मातींत मुरतो व त्याचा वास जात नाहीं. मुख्य गोष्ट ही कीं, माठांत हात किंवा पेला बुडवूं नये. उकळून, गाळून, झांकून ठेवलेलें पाणी एका मळक्या पेल्यानें बिघडतें. लांब दांड्याचें ओगराळें ठेवावें, नाहीं तर तोटीचा माठ घ्यावा.

सुगंधाचे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत, म्हणून थोडक्यांत सांगतों. वाळ्याचीं मुळें माती जाईपर्यंत धुवून, पातळ फडक्यांत पुरचुंडी बांधून, शुद्ध केलेल्या पाण्याच्या माठांत रात्रभर टाकावीं. दोन दिवसांनीं काढून उन्हांत वाळवावीं. मोगऱ्याचीं फुलें घरच्या वेलीचीं असतील तरच वापरावीं. बाजारच्या फुलांवर औषध फवारलेलें असतें. जिरें, धने, सुंठ, तुळस ह्यांपैकीं जें घरांत असेल तें उकळतांनाच टाकावें. केरळांत पतंगाच्या लाकडाच्या चिरफळ्या टाकून पाणी उकळण्याची रीत आहे. पाणी गुलाबी होतें, आणि खाणावळींतही तेंच देतात. ही रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. पाणी उकळलें कीं नाहीं हें विचारावेंच लागत नाहीं, रंगच सांगतो. आपल्या घरीं जिऱ्यानें तेंच काम होईल. मुलांस एकदां त्या वासाची संवय झाली म्हणजे बिनउकळलेलें पाणी तीं स्वतःच ओळखतील. लिंबू किंवा कोकम घातलेलें पाणी तांब्यापितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यांत ठेवूं नये. तें कळकतें व पोटास बाधतें.

सोडावॉटराचा शोधही एका धर्मोपदेशकाच्या हातून लागला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. जोसेफ प्रीस्टली हे सन १७६७ पासून इंग्लंडांतील लीड्स येथें उपदेशक होते. शेजारच्या दारूच्या भट्टींतील आंबणाऱ्या पिंपावर जो वायु तरंगत असे, त्यांत पाण्याचें भांडें धरून त्यांनीं पाण्यास झणझणीत चव आणली, व १७७२ सालीं ती कृति छापून प्रसिद्ध केली. त्यांचीं धर्ममतें आम्हांस मान्य नाहींत, पण दारूच्या भट्टींतून पाण्याचें पेय काढणें हें काम लहान नव्हे.

पाण्याच्या चवींत आठवणीचाही भाग असतो. दावीद राजा गुहेंत अडकला होता तेव्हां त्याला बेथलेहेमाच्या वेशीजवळच्या विहिरीचें पाणी आठवलें. लहानपणीं जें प्यालें तेंच मनांत राहिलें. तिघां वीरांनीं शत्रूचा तळ फोडून तें आणलें, आणि त्यानें तें न पितां परमेश्वरापुढें ओतलें, कारण त्यांत त्यांच्या जिवाची किंमत मिसळली होती (२ शमुवेल, अध्याय २३). आपल्या देशांतही एका तळ्याचें नांवच चवदार आहे. महाडचें तें तळें सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याच्या रावबहादुर सी. के. बोले ह्यांच्या १९२३ च्या ठरावास अनुसरून १९२४ सालीं नगरपालिकेनें खुलें केलें. पण तो ठराव कागदावरच राहिला. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह तेथें गेले व ओंजळीनें पाणी प्याले. त्यावर मारहाण झाली, तळ्याची शुद्धि करण्यांत आली, आणि खटला दहा वर्षें चालून १९३७ सालीं हायकोर्टांत त्यांच्या बाजूनें निकाल झाला. आमच्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांच्या आजा-पणज्यांस गांवच्या विहिरीवर चढण्याची बंदी होती. कोणी वरून ओतील तेव्हां घागर भरावयाची, नाहीं तर ओढ्याचें गढूळ पाणी न्यावयाचें. चवीविषयीं बोलण्यास त्यांस जागाच नव्हती. आणि आजही एखाद्या मंडळींत कोणाच्या घरचें पाणी कोण पितो व कोण नाहीं ह्याची कुजबूज चालते, असें आमच्या कानीं येतें. त्या पाण्यांत वाळा घालून भागणार नाहीं.

ज्या मंदिराच्या दाराशीं अद्याप माठ नाहीं, तेथें ह्या उन्हाळ्यांत एक ठेवावा. सावलींत, वारा लागेल अशा ठिकाणीं, लांकडी तिवईवर. त्याची पाळी घरोघर फिरवावी; कोणाही एका घरावर तें काम टाकूं नये व कोणाचेंही घर वगळूं नये. शनिवारीं दुपारीं माठ काथ्यानें घांसून रिकामा वाळवावा. संध्याकाळीं पाणी उकळावें, निवल्यावर वरखालीं करून भरावें, वाळ्याची पुरचुंडी सोडावी आणि ओगराळें धुवून वर अडकवावें. म्हणजे रविवारीं उपासना सुटेपर्यंत पाणी गार झालेलें असतें.